काचेचं हँडल

परवा भर दुपारी दादरच्या टिळक पुलावर टॅक्सी अडकली. एसी नावापुरता चालू होता. काच खाली करावी म्हणून दारावर हात गेला आणि फिरवायला काही लागलंच नाही. हँडल जाऊन जमाना झाला हे डोक्याला कळतं, हाताला अजून कळलेलं नाही. मग बटण सापडलं. दाबलं, तर काच ढिम्म. मागची बटणं ड्रायव्हरने पुढूनच बंद करून ठेवलेली. त्याला सांगितलं तेव्हा आरशातून एकदा माझ्याकडे बघून त्याने वीतभर काच उतरवली आणि पूल संपायच्या आत, न विचारता, परत वर घेतली. काच माझ्या बाजूची, कारभार त्याचा.

काळ्यापिवळ्या फियाटमध्ये हा कारभार निराळ्या तऱ्हेने चालायचा. दारं चार आणि हँडल एक. बाकीची तीन कुठे जायची देव जाणे. उरलेलं एक ड्रायव्हरच्या पुढच्या कप्प्यात, उदबत्तीच्या पुड्याशेजारी पडलेलं असायचं. वारा हवा असेल तर ते मागून घ्यायचं. "काम हो गया तो वापस देना," असं बजावून तो ते मागे द्यायचा, की दारातल्या दातेरी खुंटीवर बसवायचं, फिरवायचं, काढायचं आणि पलीकडच्या खिडकीकडे पाठवायचं. टोकाला काळी गोटी, ती स्वतःभोवती वेगळीच फिरायची आणि बहुधा तेलकट असायची. फियाटच्या पुढच्या दाराला आणखी एक छोटी त्रिकोणी काच असे. ती जरा ढकलली की वारा वळून थेट तोंडावर यायचा. वीज नाही, पेट्रोल नाही, काही नाही. तेवढी अक्कल पुढे कुठल्या गाडीत मला दिसली नाही.

आम्ही गिरगावातले. मे महिना गावी काढून जूनच्या पहिल्या पावसात परतायचो. रातराणी पहाटे मुंबई सेंट्रलला सोडायची आणि तिथून घरापर्यंत टॅक्सी, ही वर्षातली एकमेव चैन. एका वर्षी कॅरियरवर आंब्याची पेटी आणि दोन फणस बांधले आणि निघालो, तोच पाऊस कोसळायला लागला. बाबा पुढे, आम्ही तिघं मागे, आणि हँडलसाठी झोंबाझोंबी. ते धाकट्याच्या हाती लागलं. "उलटं फिरवतोयस," असं आई म्हणेपर्यंत दाराच्या आत खट्कन काहीतरी सुटलं आणि काच दारात गडप झाली. पाऊस सरळ आईच्या मांडीवर. ड्रायव्हर जे बोलला ते इथे लिहिता येणार नाही. बाबांनी मागे वळून शांतपणे छत्री दिली. आईने ती खिडकीबाहेर काढून उघडली आणि दोन्ही हातांनी दांडा धरून बसली. लॅमिंग्टन रोडवरून अशी खिडकीतून छत्री उघडलेली टॅक्सी चालली होती. ऑपेरा हाउसला हवालदाराने बघितलं आणि मान फिरवली.

घरापाशी ड्रायव्हर काचेचे पैसे मागायला लागला. बाबांनी मीटरचे तेवढे मोजून दिले, आणि मग पेटी सोडून चार आंबे. आंबे काचेबद्दल नव्हते, असं त्यांनी वर आल्यावर आईला आवर्जून सांगितलं.

या फियाटचं पुढचं नाव प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या या पद्मिनींपैकी शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. मुंबईत टॅक्सीचं आयुष्य वीस वर्षांचं, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती कायद्याने निवृत्त झाली. त्या आठवड्यात सगळ्यांच्या स्टेटसला काळीपिवळी. कित्येक वर्षं ॲपवरून एसी गाडीच बोलावणारे लोक हळहळत होते. मीही हळहळले. पण खरं सांगायचं तर त्या टॅक्सीत बसणं हे काही सुख नव्हतं. सीटची स्प्रिंग टोचायची, पेट्रोलच्या वासाने मळमळायचं. मला टॅक्सी परत नकोय, हँडल हवंय.

माझ्या भाच्याने अलीकडे इलेक्ट्रिक गाडी घेतली. पार्किंगसाठी सोसायटीत दीड वर्ष भांडला तो भाग वेगळा. गाडीत टीव्हीएवढा स्क्रीन. एसी कमी करायचा तर त्याच्यात बोट घालून तीन पानं उलटायची, तेही रस्त्यावरची नजर काढून. "मावशी, तू नुसतं बोल ना, ती ऐकते." मी म्हटलं, काच उघड. तिने जवळचं काचेचं दुकान दाखवलं. गाडी लेनमधून सरकली की ती पिप पिप करते. मुंबईत लेन म्हणजे रंगवलेली सूचना, त्यामुळे हायवेला लागल्यापासून पार्ल्यापर्यंत ती बिचारी पिपपिपतच होती. शेवटी त्याने ते बंद करून टाकलं. हजारो रुपये जास्त मोजून घेतलेलं, बंद.

आणि सनरूफ! चार महिने पाऊस, उरलेले आठ ऊन, आणि धूळ बारमाही. एवढं असताना लोक टॉप मॉडेल कशासाठी घेतात, तर छपराला भोक हवं म्हणून. हीच माणसं बाजूची काच बोटभर खाली करत नाहीत. वर पोरांना त्यातून कमरेपर्यंत बाहेर काढून कोस्टल रोडवर फोटो.

बटणाची आठवण मला एकटीलाच येते असं मात्र नाही. युरोपात गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅपने २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न यांना हाताला लागणारं खरंखुरं बटण किंवा दांडी असेल तरच पूर्ण गुण, असं ठरवलं आहे. त्या यादीत खिडकी नाही.

खिडकी असायला हवी होती, असं मुंबईकराला तरी वाटेल. २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर. मी ऑफिसात अडकले, टेबलावर झोपले, माझी काही तक्रार नाही. पण त्या दिवशी पाण्यात अडकलेल्या बंद गाड्यांमध्ये माणसं गुदमरून गेली. पाणी दाराच्या निम्म्यावर चढलं की बाहेरचा दाब दार उघडू देत नाही, आणि वायरिंगमध्ये शिरलं की बटणं मरतात. हँडल असतं तर ती वाचली असती असं मी म्हणत नाही, त्या दाबाखाली काच हाताने उतरवणंही सोपं नसतं. पण फिरवायला काहीतरी असतं.

तेव्हापासून दर पावसाळ्यात गाडीत हातोडी ठेवा म्हणून सांगतात, आणि ते खरं आहे. बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात टोकदार घाव बसला की बहुतेक गाड्यांत तिचा चुरा होतो. पुढची काच दोन थरांची, ती तडकते पण जागा सोडत नाही. सीटवरच्या उशीच्या सळया त्यासाठीच दिलेल्या असतात, ही मात्र व्हॉट्सॲपवरची लोणकढी.

भाच्याने हातोडी मागवलीय. छान आहे, नारिंगी रंगाची. कुठे ठेवलीस म्हणून विचारलं.

"डिकीत. टूलकिटबरोबर."

"आणि दारं उघडत नसताना डिकीपर्यंत कसा जाणार आहेस?"

"बघतो गं मावशी," म्हणाला.

पाऊस पंधरा दिवसांवर आलाय. पावसात हमखास तुंबणारा अंधेरी सबवे त्याच्या रोजच्या वाटेवर आहे.