बिल देऊन घेतलेल्या लॉगरमधले आकडे काढताना: कॉपीराइट कायद्याशी आलेला माझा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मुलांचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प होता. पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) वावरातली ओल मोजायची आणि आकडे शेतकऱ्याच्या मोबाईलवर पाठवायचे. ओल मोजून नोंदवून ठेवणारं यंत्र, म्हणजे लॉगर, कॉलेजने रीतसर बिल देऊन घेतलेलं, पण त्यातले आकडे फक्त कंपनीच्या विंडोज सॉफ्टवेअरमध्येच दिसत. ते सॉफ्टवेअर डोंगल (परवान्याची किल्ली म्हणून संगणकाला लावायचं छोटं उपकरण) लावलेल्या एकाच संगणकावर चाले. लॉगर कुठल्या भाषेत बोलतो, याचा कागद खोक्यात नव्हता.

अशा वेळी मुलं आधी क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेली चोरीची प्रत, शोधतात. तिथेच थांबवावं लागतं. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३-बी: सॉफ्टवेअरची प्रत चोरीची आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरली, तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी नसेल, तर विशेष कारणं नोंदवून न्यायालय कैद टाळू शकतं. दंड तरीही ५० हजारांपर्यंत जाऊ शकतो. मजुरीवर घर चालणाऱ्या मुलाला तोही परवडणारा नाही.

पण हाच कायदा अभ्यासाला बरीच मोकळीक देतो, आणि ती मुलांना कुणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं. इंटरनेटवर वाचायला मिळतो तो बहुतेक अमेरिकेचा १९९८ चा डीएमसीए हा डिजिटल कॉपीराइटचा कायदा. तिथे सॉफ्टवेअरचं डिजिटल कुलूप तोडणं हेच बेकायदेशीर, आणि सुटींची यादी दर तीन वर्षांनी नव्याने ठरते. आपल्याकडे कुलूप तोडण्याबद्दलचं कलम ६५-ए २०१२ च्या दुरुस्तीने आलं, आणि त्यात हक्कभंगाचा हेतू असावा लागतो. एन्क्रिप्शनचं संशोधन (प्रत कायदेशीर मिळालेली हवी) आणि मालकाच्या परवानगीने केलेली सुरक्षा चाचणी यांना त्यात स्पष्ट सूट आहे. कलम ५२(१)(एसी) तर सॉफ्टवेअर नेहमीसारखं वापरता वापरता ते कसं चालतं हे बघायला आणि तपासायला सरळ मुभा देतं.

आमच्या कामाचं होतं ५२(१)(एबी). स्वतंत्रपणे लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामशी जुळवायला लागणारी माहिती काढता येते, पण दोन अटींवर. सॉफ्टवेअर तुमच्याकडे कायदेशीर आलेलं हवं, आणि ती माहिती दुसरीकडे सहज मिळत नसावी. पहिलीला बिल पुरतं. दुसरीसाठी कागद तयार करावा लागतो, आणि बहुतेक जण तिथेच चुकतात. म्हणून तारेला हात लावण्याआधी कंपनीला रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह पत्र टाकलं: अमुक मॉडेलचा रजिस्टर नकाशा (लॉगरच्या कुठल्या रजिस्टरमध्ये, म्हणजे खणात, कुठला आकडा असतो त्याचा तक्ता) आणि बॉड रेट (तारेवरून आकडे जाण्याचा वेग) द्यावा. ईमेलही केला. महिनाभर उत्तर आलं नाही. पत्राची प्रत, पोचपावती, बिल आणि परवाना करार एका फाईलमध्ये लावले. करार आधी वाचा. ‘रिव्हर्स इंजिनिअरिंग (तयार वस्तू उलगडून ती कशी चालते ते काढणं) करू नये’ अशी अट असेल, तर युरोपच्या २००९ च्या सॉफ्टवेअर निर्देशाने जुळवणीपुरती ती निरर्थक ठरवली आहे. आपल्या कलम ५२ मध्ये तसं वाक्य नाही. अट असेल तर पुढे जाण्याआधी वकिलाला दाखवावं. आमच्या करारात ती नव्हती.

मग काम सुरू. लॉगर आणि संगणक यांच्यामध्ये आरएस-४८५ पद्धतीच्या दोन तारांची जोडी होती, ए आणि बी. दुसरा यूएसबी कन्व्हर्टर त्याच तारांवर समांतर लावला, ए ला ए, बी ला बी, शिवाय ग्राउंड. त्यातून काहीही पाठवायचं नाही, नुसतं ऐकायचं. नुसता कचरा दिसला तर आधी ए-बी उलटे करून बघा. उत्पादकांच्या खुणा एकसारख्या नसतात. ९६०० बॉडवर ०१ ०३ ०० ०० ०० ०२ आणि त्यामागे दोन बाइट असा संदेश दिसू लागला. हा मॉडबस आरटीयू, म्हणजे यंत्रांची एकमेकांशी बोलायची एक ठरलेली भाषा: पत्ता १, फंक्शन ३ (रजिस्टर वाच), रजिस्टर ० पासून दोन, शेवटी सीआरसी (संदेश वाटेत बिघडला नाही ना हे तपासणारे बाइट). उत्तर नऊ बाइटचं.

इथे एक अडचण येते. मॉडबसमध्ये दोन संदेशांत साडेतीन अक्षरांची शांतता असते, ९६०० ला सुमारे ४ मिलिसेकंद. काही यूएसबी चिप मात्र १६ मिलिसेकंद साठवून मग एकदम देतात, त्यामुळे प्रश्न आणि उत्तर चिकटून येतात. वेळेवरून तोडू नका. लांबी मोजा आणि सीआरसी जुळतो का ते बघा.

कुठलं रजिस्टर ओलीचं, हे बादलीने ठरवलं. वाळलेली काळी माती भरून प्रोब खोचला आणि दर वेळी अर्धा लिटर पाणी घातलं. एक आकडा चढत गेला, दुसरा २८४ च्या आसपास राहिला, म्हणजे २८.४ अंश तापमान. वावरात मात्र काळी माती वाळून भेगाळते, प्रोबभोवती पोकळी होते आणि ओल खोटी कमी दिसते. प्रोब दर पंधरवड्याला काढून मातीचा गारा करून पुन्हा बसवावा.

लॉगरच्या चिपमधला प्रोग्राम वाचायला बंद केलेला होता. तो आम्ही काढला नाही. जुळवणीला तारेवरचं पुरत होतं, मग तो काढायला ‘आवश्यक’ म्हणता येईल असं कारणच उरत नव्हतं.

संदर्भासाठी शोधनिबंध मिळवणंही असंच जड गेलं. शोधनियतकालिकं सरकारने एकत्र घेऊन संस्थांना वाचायला देण्याच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ ला मंजुरी दिली, ६ हजार कोटी, ३० प्रकाशक. पण पहिला टप्पा सरकारी संस्थांचा, आणि आमचं कॉलेज खासगी. लेखकांना ईमेल केले तर बरेच जण प्रत पाठवतात. प्रबंधांसाठी शोधगंगा हे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचं संकेतस्थळ खुलं आहे.

शेवटी आमचा पायथन कोड एमआयटी परवान्याखाली (कुणीही वापरावा, बदलावा असा) ठेवला, सोबत रजिस्टरांचा तक्ता. कंपनीच्या मॅन्युअलची पानं, चित्रं, लोगो यांतलं काही घेतलं नाही. तक्त्याच्या डोक्यावर एक ओळ आहे: ‘हे आकडे रीतसर विकत घेतलेला लॉगर चालू असताना तारेवर पाहून नोंदवले.’ पुढच्या वर्षीची मुलं आता डोंगलशिवाय, लिनक्सच्या जुन्या संगणकावर तोच लॉगर वाचतात.