जिन्याखालची सायकल

आमची ठाण्याच्या नौपाड्यातली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा सगळ्यात मोठा वाद कार्पेट एरियावरून झाला आणि सगळ्यात छोटा जिन्याखालच्या सायकलवरून. छोटा म्हणजे अगदी दोन मिनिटांचा. सेक्रेटरी म्हणाले ही कुणाची, पहिल्या मजल्यावरचे म्हणाले आम्हाला वाटलं तिसऱ्या मजल्यावरच्यांची, तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या छे हो, ती त्या जुन्या वॉचमनची ना, आणि जुना वॉचमन गेल्याला चार वॉचमन होऊन गेलेले. भंगारवाला उभाच होता, त्याने टायर अंगठ्याने दाबून बघितला (आत हवाच नव्हती, पण सवय), आणि मी का कुणास ठाऊक, म्हणून गेले, राहू दे, मी नेते.

बँकेतून रिटायर होऊन मला तेव्हा आठ महिने झाले होते. वाचन झालं, सूर्यनमस्कार झाले, एकदा पेटीचा क्लासही लावून झाला. नवरा म्हणाला, "अगं आपण भाड्याच्या घरात चाललोय, सोफा देऊन टाकला, आणि तू सायकल घेतेस?" मी म्हटलं सोफा खोलता येत नाही. हे उत्तर तेव्हा मलाही कळलं नव्हतं.

भाड्याचं घर पाचपाखाडीत, सातव्या मजल्यावर, गॅलरी एवढी की सायकल आडवी टाकली की तुळस हॉलमध्ये. त्या गॅलरीत सगळा कारखाना. यूट्यूबवर बघाल तर परदेशातल्या माणसांकडे स्वतंत्र गॅरेज असतं, भिंतीवर पाने मापाप्रमाणे टांगलेले असतात आणि मागे हळू आवाजात पियानो वाजतो. माझ्याकडे कपडे भिजवायचा टब, सहा जुने टूथब्रश आणि नवऱ्याचे रिटायर झालेले बनियन. आमच्या लहानपणी सायकलचं काहीही धुवायचं म्हणजे रॉकेल. रॉकेल आता शोधून मिळत नाही आणि पंपावर बाटलीत डिझेल देत नाहीत, शेवटी सोसायटीतल्या एका टेम्पोवाल्याने कपभर काढून दिलं आणि वर विचारलं, मॅडम, कशाला हवंय? खरं सांगितलं तर त्याचा विश्वास बसला नाही.

पहिला महिना मी 'ओरिजिनल'च्या मागे होते. हा एक आजारच आहे म्हणा. सायकलला पुढे कंपनीचा बिल्ला नव्हता, फक्त तो जिथे असतो तिथे रिव्हेटची दोन भोकं. पण पुढच्या मोठ्या चक्रात तीन बगळ्यांची नक्षी होती, म्हणजे रॅले, नॉटिंगहॅमवाली, १८८०च्या दशकात रॅले स्ट्रीट नावाच्या गल्लीत चालू झालेली म्हणून तिचं नाव रॅले. मी इतकी खूश की बहिणीला फोटो पाठवले. मग मागच्या चाकाचं हब (चाकाच्या मधोमधचा भाग, ज्यातून आरे निघतात) घासलं, त्यावर अक्षरं निघाली, स्टर्मी-आर्चर, ए डब्ल्यू, म्हणजे कंपनी आणि तिचं तीन गिअरवालं मॉडेल, आणि ५७ आणि ८. या हबवर बनवल्याचं साल आणि महिना ठोकलेला असतो, म्हणजे ऑगस्ट १९५७. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी! अर्थात हबचं साल म्हणजे सायकलचं साल नव्हे हे दुसऱ्याच दिवशी कळलं, कारण पुढचं चाक सरळसरळ इथलं, मडगार्ड तिसऱ्याच कुठल्या सायकलचं, सीट रेक्झिनची, आणि कॅरिअर इतकं दणकट की त्यावर कधीतरी गॅसचे सिलेंडर वाहिले असणार. बगळ्यांचं चक्रसुद्धा मागाहून बसवलेलं असू शकतं. आपल्याकडे आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना होता, तिथलं कशावरून नसेल? म्हणजे थोडक्यात, ओरिजिनल काय तर बहुतेक गंज.

मग आलं कॉटर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पायडलचा दांडा मधल्या एक्सलवर पक्का राहतो तो एका बोटाएवढ्या स्टीलच्या खिळीने, तिची एक बाजू उतरती तासलेली असते, ती ठोकून आत बसते आणि नटने खेचून घट्ट होते. दोन बाजूंना दोन, एकमेकींच्या उलट दिशेने. किंमत म्हणाल तर जोडीची किंमत वडापावच्या प्लेटपेक्षा फार नाही. पण ही खिळी साठ वर्षं तिथेच बसून राहिली की ती खिळी राहत नाही, दांडा आणि एक्सल आणि ती मिळून एकच लोखंड होतं. कॉटर निघाला नाही तर आतलं काहीच निघत नाही. मी तेल सोडलं, तीन दिवस थांबले. परत तेल सोडलं, परत थांबले. हातोडीने मारलं. ड्रायरने गरम केलं, मग ड्रायर बघून हसले आणि मुलाचा तो कॅरमल करायचा गॅसचा टॉर्च आणला. दुपारी अडीचला मारत होते तर सहाव्या मजल्यावरच्या बाई वर आल्या, त्यांना वाटलं आम्ही भाड्याच्या घरात किचन फोडतोय. आत आल्या, बघितलं, म्हणाल्या, "कॉटर का? आमचे बाबा खाली पाइप लावायचे." आणि गेल्या.

पाइप लावायचे म्हणजे काय ते मला चरईतल्या मिस्त्रीकाकांकडे गेल्यावर समजलं. काकांचं दुकान म्हणजे दोन गाळ्यांच्या मधली फट, त्यात ते बसले की गिऱ्हाइकाने रस्त्यावर उभं राहायचं. मी नवऱ्याला सोबत नेलं होतं, फ्रेम उचलायला, आणि काका सगळं बोलत होते ते नवऱ्याशी. "साहेब, बीबी खोलावी लागेल." नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला (बीबी म्हणजे मधला तो एक्सलचा भाग हो). नवऱ्याला सायकल चालवतासुद्धा येत नाही हे मी सांगितल्यावर काका माझ्याकडे वळले. नट सोडवून टोकाच्या बरोबरीने ठेवला, दांड्याखाली लोखंडी पाइपचा तुकडा जमिनीपर्यंत उभा टेकवला, म्हणजे मार आतल्या छर्र्यांवर (बॉल बेअरिंगवर) न जाता थेट जमिनीत जातो, आणि जाडी हातोडी एकदा मारली. एकदाच. कॉटर ठक्कन खाली. "ताई, घाबरत घाबरत मारलं की त्याचं डोकं पसरतं, मग ड्रिलच." दुसऱ्या बाजूच्या कॉटरचं डोकं मी आधीच पसरवून ठेवलेलं होतं. ड्रिलच.

एक्सल बाहेर आला आणि मला खरी मजा यायला लागली, कारण आत माणसं होती. म्हणजे बघा, एक्सलच्या दोन टोकांना छर्रे धरून ठेवणाऱ्या दोन वाट्या असतात, त्यांच्यात दर बाजूला पाव इंची अकरा छर्रे असतात. इथे एका बाजूला अकरा, दुसरीकडे दहा. कुणाचा तरी एक छर्रा गटारात गेला असणार आणि त्याने इकडेतिकडे बघून तशीच वाटी आवळली असणार. डावी वाटी बाहेरून घट्ट दिसत होती पण आट्यांमध्ये सुती दोरा गुंडाळलेला निघाला, नळाला गुंडाळतात ना, तसा. मला वाटलं काय हा अडाणीपणा. मग काकांनी सांगितलं की रॅलेचे आटे बारीक असतात, इंचाला २६, बाकी सगळ्या दुनियेचे २४, त्यामुळे बाजारातली वाटी हिला बसतच नाही. मूळ वाटी झिजल्यावर कुणीतरी मिळाली ती चढवली आणि दोऱ्याने भागवलं. फ्रेम रॅलेचीच हे मला बिल्ल्याने नाही, या दोऱ्याने सांगितलं.

आणि डालडा. सीटची दांडी नळीतून ओढून काढली तर तिच्याबरोबर पत्र्याची एक पट्टी आली, पिवळी, गंजलेली, आणि तिच्यावर हिरवं अर्धं नारळाचं झाड. दांडी नळीच्या मापाला बारीक पडत होती म्हणून कुणीतरी डालड्याचा डबा कापून पट्टी आत सरकवली होती, अगदी नीट, कात्रीने कडा गोल करून, म्हणजे हाताला लागू नये. कुणाच्या हाताला? ती परत कधी कुणी बाहेर काढेल असं त्याला वाटलं असेल का? मी ती पट्टी बनियनने पुसून डायनिंग टेबलवर ठेवली. नवरा जेवायला बसला आणि म्हणाला, हे काय? मी म्हटलं डालडा. तो म्हणाला डॉक्टरांनी बंद केलाय.

हबचं मात्र मी एकटीने केलं, काका म्हणाले ताई तीन गिअरवाल्याला मी हात लावत नाही. खाली वर्तमानपत्र, प्रत्येक पार्टचा मोबाइलवर फोटो, आणि श्वास रोखून खोललं. आत काय असेल, तर सूर्यमाला. मधे सूर्य म्हणून २० दात्यांचं चक्र, ते हलत नाही, त्याच्याभोवती २० दात्यांचे चार ग्रह फिरतात, आणि त्या सगळ्यांना वेढून ६० दात्यांची रिंग. पहिल्या गिअरमध्ये चेनच्या मागच्या चक्राच्या चार फेऱ्यांना चाकाच्या तीन, दुसऱ्यात जेवढ्यास तेवढ्या, तिसऱ्यात तीन फेऱ्यांना चार. १९३६ पासून हेच गणित, काही बदललं नाही त्यांनी. बँकेत चौतीस वर्षं व्याज काढलं, पण इतकं चोख काही हातात धरलेलं आठवत नाही. दाते शाबूत होते, फक्त तेल वाळून चिक्की झाली होती. केसाएवढी एक स्प्रिंग उडाली ती संध्याकाळी तुळशीच्या कुंडीत सापडली.

पण गंमत पुढे आहे. या हबची गिअर बदलायची वायर सैल सोडली की ते आपोआप तिसऱ्या, सगळ्यात जड गिअरमध्ये जातं. आणि आमच्या सायकलला वायरच नव्हती, ती ओढायचा हँडलवरचा खटकाही नव्हता. म्हणजे शेवटची कितीतरी वर्षं ज्याने कुणी ती चालवली त्याने कायम तिसऱ्याच गिअरमध्ये चालवली, सायकल जड जाते म्हणून कुरकुरत. कदाचित वागळे इस्टेटपर्यंत! १९६२ साली एमआयडीसीची सुरुवात वागळे इस्टेटपासून झाली, आणि आम्ही लहान असताना तिथली शिफ्ट सुटली की रस्ता सायकलींचा असायचा, रिक्षावाले थांबायचे. तर अशा कुणाला तरी पाय दुखले असतील, तो मिस्त्रीकडे गेला असेल, मिस्त्रीला आतलं गणित माहीत नसेल, पण त्याने काय केलं, तर मागचं १८चं चक्र काढून २२ दात्यांचं घातलं. झालं हलकं! हब न खोलता उत्तर काढलं की हो त्याने.

इथे मला ठरवावं लागलं. काळबादेवीच्या सायकल बाजारात एका दुकानदाराने माळ्यावरून जुना खटका काढून दिला, आणि त्याच्याकडे १८चं चक्रही होतं. ओरिजिनल करायची तर ते घ्यायला हवं होतं. मी खटका घेतला आणि चक्र परत दिलं. वाटी अजून तीच आहे, फक्त दोरा नवीन. छर्रे सगळे नवीन टाकले, मोजून अकरा. डालड्याची पट्टी होती तिथे परत सरकवली, नारळाचं झाड वर ठेवून. आणि दिव्याचा क्लँप सैल होता तिथे अमूल चीजच्या डब्याचा पत्रा कापून मी माझी एक पट्टी घातली. कडा गोल केल्या.

बाकीचं पटकन सांगते. काळा रंग दिला नाही, नुसता धुतला आणि वॅक्स लावलं. निकल केलेले पार्ट ॲल्युमिनियमची फॉइल पाण्यात बुडवून घासले की गंज जातो आणि चरा पडत नाही, फॉइल मऊ असते ना. ऑक्झॅलिक ॲसिड मी फक्त नटबोल्टांना वापरलं, हातमोजे घालून आणि नवऱ्याला गॅलरीत यायला बंदी घालून, कारण विष आहे ते. वागळेतले प्लेटिंगवाले म्हणाले हँडल नवं करून देतो, मी नको म्हटलं. टायर २८ दीड मापाचे, ते अजूनही कुठल्याही दुकानात मिळतात, पाववाले, इस्त्रीवाले, वॉचमन यांच्या जिवावर. दांड्याचे (म्हणजे वायरऐवजी सळ्यांनी ओढायचे) ब्रेक ओल्या रिमवर धरत नाहीत, त्यामुळे ठाण्याच्या पावसाळ्यात सायकल चार महिने हॉलमध्ये, तुळस गॅलरीत.

दसरा झाल्यावर पहाटे साडेपाचला निघाले. तलावपाळीला दोन फेऱ्या मारल्या, हब टिकटिक टिकटिक करत होतं, मग धीर चेपला म्हणून उपवनपर्यंत गेले आणि तिथून पुढे येऊरच्या चढाला लागले. तिथे सकाळी चकचकीत कपडे आणि लाखाच्या सायकली असलेली पोरं असतात, ती भराभर पुढे जात होती, एक जण म्हणाला "वॉव आंटी, विंटेज!" मी पहिला गिअर टाकला, २२चं चक्र, आणि निम्मा चढ बसून चढले. निम्माच. मग उतरून उभी राहिले, जरा दम लागला म्हणून, आणि जरा सायकलकडे बघायला.

वरून एक पाववाले काका उतरत आले, तशीच काळी सायकल, कॅरिअरला दोन मोठ्या पिशव्या. हळू झाले, मला वाटलं हेही विंटेज म्हणणार. त्यांनी वाकून मागचं चाक बघितलं.

"ताई, चाकाला आउट आहे. काढून घ्या." (आउट म्हणजे चाक फिरताना डावी-उजवीकडे डुलतं ते.)

"काढलाय मी."

"नाही हो काढलेला," ते म्हणाले, आणि उतारावरून गेले.