आईच्या गुडघ्याचं बिल, एकेक ओळ लावून भरलं

आईचा गुडघा मिरजेत बदलून घेतला. ऑपरेशन छान झालं, डॉक्टरांबद्दल कायच तक्रार नाही, म्हणून हॉस्पिटलचं नाव घेत नाही. पण बिलाचं सांगायलाच पाहिजे.

डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवरनं एकच पान दिलं. रूम, ओटी (ऑपरेशन थिएटर), इम्प्लांट (गुडघ्यात बसवलेला कृत्रिम सांधा), औषधं, इतर आणि खाली टोटल. मी म्हणलं दादा, सगळं सुटं करून द्या. "आधी भरा की, मग देतो." मी म्हणलं नाही, २०२१ च्या नर्सिंग होमच्या नियमांत पेशंटच्या हक्कांची सनद आहे, तपशीलवार बिल हा हक्कच आहे, मी थांबतो हितंच. आवाज चढवला नाही. जरा वेळानं सगळी पानं आली.

मग आईच्या कॉटवर बसूनच मी आणि बहीण एकेक ओळ लावत बसलो. घोळ औषधांत निघाला. वॉर्डातनं चिठ्ठी येते, आपण पळत जाऊन मेडिकलमधनं पिशवी भरून आणतो, त्यातलं वापरलं किती हे कोण बघतंय? बहिणीनं मात्र प्रत्येक पावतीचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकलेला आणि उरलेली इंजेक्शनं, सलाईनच्या बाटल्या परत दिल्या तेव्हा सिस्टरकडनं रिटर्नच्या कागदावर सही पण घेतलेली. बिलात ते रिटर्न वजाच नव्हते! आयसीयूतनं रूममध्ये हलवलं त्या दिवसाचं भाडं पण दोन्हीकडचं लावलेलं.

इम्प्लांटपुढं नुसता आकडा होता. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर सरकारनं २०१७ पासनं मर्यादा घातलीय आणि बिलात कंपनी, ब्रँड, बॅच नंबर वेगळा लिहावा लागतो, हे आपल्याकडं फार जणांना माहीतच नसतं, सांगलीला ओळखीत विचारलं तर एकालाही माहीत नव्हतं. फाईलीतलं इम्प्लांटचं स्टिकर मागितलं, त्यावरची एमआरपी ताडून बघितली. ती बरोबर होती, तेवढं लिहून घेतलं.

काउंटरवरच्या मॅडमनी रिटर्न आणि भाडं दोन्ही काय खळखळ न करता कमी केलं, नवीन बिल काढून दिलं, मग पैसे भरले. पावती आणि स्टिकरची झेरॉक्स आईच्या फाईलीला लावलीय.

आणि मेडिक्लेम कॅशलेस असला तरी बिल बघाच, कारण जादा लागलेले पैसे आपल्याच पॉलिसीच्या रकमेतनं जातात.