चर्चगेटमधलं चर्च

इतकी वर्षं चर्चगेटला उतरतोय पण ते चर्च कुठलं हे बघायला आज पहिल्यांदा गेलो! हॉर्निमन सर्कलजवळचं सेंट थॉमस कॅथेड्रल. जुन्या फोर्टच्या भिंतीला तीन दरवाजे होते, त्यातला या चर्चकडे येणारा तो चर्च गेट, आणि दरवाजा गेला, भिंत गेली, नाव मात्र स्टेशनला राहिलं.

पायाभरणी १६७६ ची, पण काम रखडलं ते इतकं की चर्च उघडलं थेट १७१८ च्या ख्रिसमसला, म्हणजे बेचाळीस वर्षं नुसत्या अर्धवट भिंती उभ्या! मुंबईतलं हे पहिलं अँग्लिकन (म्हणजे चर्च ऑफ इंग्लंड पंथाचं) चर्च, कॅथेड्रलचा, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चचा दर्जा मिळाला १८३७ मध्ये आणि घड्याळाचा टॉवर त्यानंतरचा.

आत पाऊल टाकलं की बाहेरचे हॉर्न एकदम लांब जातात. पांढऱ्या भिंती, उंच खांब, रंगीत काचांमधून आलेलं ऊन फरशीवर सांडलेलं. पण मी रेंगाळलो ते भिंतींवरच्या संगमरवरी स्मारकांपाशी. गव्हर्नर जोनाथन डंकनच्या स्मारकावर बालहत्या बंद केल्याचा उल्लेख कोरलाय, बनारस आणि काठियावाडातली. बाकी बरीच नावं अगदी तरुण पोरांची, घरापासून हजारो मैलांवर गेलेली. एकेक वाचत गेलो, तासभर कसा गेला कळलंच नाही.