ळ कमळातला

दिवाळी अंकांची प्रुफं वाचण्यात माझी बावीस वर्षं गेली. श्रावण ते नवरात्र डोळे नारायण पेठेतल्या प्रेसकडे गहाण. लोकांना वाटतं, चुकीचा शब्द पकडणं हे आमचं काम. चुकीचा शब्द कोणीही पकडतं, हल्ली संगणकसुद्धा खाली तांबडी रेघ ओढतो. घात करतो तो बरोबर दिसणारा शब्द. म्हणून मूळ प्रतीशी ताडून वाचायचं असतं. पण मूळ प्रत मागितली की हल्लीचे संपादक म्हणतात, ‘काकू, पीडीएफ आहे ना!’ यंदा मीही मागितली नाही.

लेख होता मणक्याला मार लागून सहा वर्षं खाटेवर असलेल्या एका मुलाचा. त्यात वाक्य आलं, ‘दवाखान्याच्या बिलासाठी वडिलांनी मला विकला.’ मी ‘विकला’चं ‘विकलं’ केलं. काय जबरदस्त वाक्य आहे, असंही मनात आलं.

शेवटचं प्रूफ त्याच्याकडे गेलं त्या रात्री मेसेज आला: ‘मडम, ते मला नाही. मला.’

दोनदा वाचून काही कळेना. फोन लावला.

“काकू, ळ! कमळातला ळ. मळा विकला आमचा, सासवडचा.”

मागून त्याच्या वडिलांचा आवाज आला, “बाई, पोराला कोन इकतंय वो?”

रात्रभर झोप नाही. सकाळी धायरीला त्याचं घर गाठलं. मूळ फाइल उघडली तर ‘मी गरी ालो’, ‘ाीने बात केला’. आधाराला अक्षर नसलेल्या मात्रा, त्यांच्याशेजारी टिंबांची वर्तुळं. प्रेसमधल्या ऑपरेटरनं ते सगळं अंदाजानं निस्तरलं होतं, कोणालाही न विचारता. मीही त्याच्यासारखी इनस्क्रिप्ट कीबोर्डवर टाइप करते, त्यामुळे घोळ लगेच ध्यानात आला. त्या कीबोर्डवर क साधा, ख शिफ्ट धरून. त-थ, प-फ, ब-भ तसेच. ण, ळ, श शिफ्टवर, आणि अ-आ-ई सगळे स्वरही. १९९१च्या भारतीय मानकातली ही मांडणी मला नेहमीच फार शहाणी वाटत आलीय. पण तिला एका वेळी दोन बोटं लागतात. ह्याच्या दातांत बांबूची विणायची सुई, टोकाला वडिलांनी बसवलेला पेन्सिलीचा खोडरबर. एका वेळी एकच कळ. वरचा अख्खा मजला त्याला बंद.

शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली की एक चौकट येते. तिथे हो म्हटलं की शिफ्ट धरून ठेवावी लागत नाही. आधी ती दाबायची, मग अक्षर. एवढंच! सहा वर्षांत डॉक्टर, फिजिओ, संगणक बसवून देणारा, एकानंही हे सांगू नये? माझं डोकं तापलं होतं. तो मात्र ळळळळळ करत ओळ भरत सुटला होता.

“बोलून टाइप करता येतं की रे,” मी म्हटलं.

“ह्या एका खोलीत जे मोठ्यानं बोलता आलं असतं, ते लिहिलं असतं कशाला, काकू?”

सकाळी मान ताजी असते तेव्हा तीन ओळी, मग चहा. अकरा पानांना सात महिने लागले. एखाद्या दिवशी त्या तीन ओळी राहिल्या तर बिनअंघोळीचं राहिल्यासारखं होतं, म्हणाला.

छपाईच्या प्लेटा अजून व्हायच्या होत्या म्हणून वाचलो. दोघांनी ओळन् ओळ ताडली. आणखी नऊ शब्द निघाले, सगळे दिसायला बरोबर. फुलाचा पूल झालेला, धारेचं दार. शेवटच्या पानावर एक वाक्य होतं: ‘त्यानंतर वडील पुन्हा कधी मला पाहायला फिरकले नाहीत.’

“इथे ल की ळ?” मी पेन्सिल टेकवून विचारलं.

वडील ओट्याशी चहा गाळत होते. त्यानं तिकडे पाहिलं, सुई दातांतून सोडली.

“आहे तसं ठेवा.”

मूळ प्रतीत तरी काय असणार होतं? त्याला तेव्हा ळ येतच नव्हता. अंकात ‘मला’ छापून आलंय.