चादरीची परवानगी

२९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात ३.५ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले, तेव्हा शेकोटीजवळ बसून मी घरच्यांना ऐटीत सांगितले होते की आता लडाखच्या थंडीची धास्ती उरली नाही. पुढच्याच महिन्यात गोठलेल्या झंस्कार नदीवरून, म्हणजे ‘चादरी’वरून, चालण्यासाठी लेहला गेलो आणि ती ऐट पहिल्याच जिन्यावर उतरली. सुमारे ३१० मीटर उंचीवर राहणारा माणूस विमानाने साडेतीन हजार मीटरवर जाऊन उतरला की दहा पायऱ्यांतच त्याला धाप लागते.

लेहमध्ये काही दिवस राहून शरीराला विरळ हवेची सवय करायची, मग वैद्यकीय तपासणी आणि त्यानंतर परवानगी, असा क्रम होता. अर्ज आणि विम्याचे कागद चटकन आटोपले. मी अडलो तो तपासणीत. रक्तातल्या ऑक्सिजनचे प्रमाण मोजणाऱ्या ऑक्सिमीटरने ७६ टक्के हा आकडा दाखवला. गार बोटांवर हे यंत्र चुकू शकते, म्हणून डॉक्टरांनी हात चोळायला लावून पुन्हा मोजले, तरी आकडा ७९ च्या वर जाईना. उद्या या, असे त्यांनी शांतपणे सांगितले.

त्याच दुपारी हिमवर्षाव सुरू झाला. चला, नदीवरचा बर्फ आणखी जाड होईल, असे मी आमच्या लडाखी वाटाड्याला म्हणालो, तर तो हसू लागला. हिम ही नदीची गोधडी आहे, असे त्याचे म्हणणे होते. नंतर विचार केला तेव्हा ते पटले. पाण्यातली उष्णता वरच्या थरातून हवेत निघून जाते तेव्हाच बर्फाची जाडी वाढते. ताज्या हिमात हवा कोंडलेली असल्याने ही वाट अडते, आणि ढगाळ रात्री गारठाही कमी पडतो. खालून मात्र प्रवाह बर्फ झिजवतच असतो. चादर धरते ती निरभ्र, चांदण्यांनी भरलेल्या रात्री.

दुसऱ्या दिवशी आकडा ८६ आला आणि परवानगीवर शिक्का बसला.

नदीवर वाटाड्या दर काही पावलांवर काठी आपटत असे. खणखणीत आवाज आला की पुढे जायचे, बद्द आवाज आला की थांबायचे. आम्ही गमबूट घालून, पाय न उचलता, घासत चालत होतो. वळणावर, जिथे पाणी संथ होते, तिथे बर्फ हातभर जाड होता आणि चार पावलांवर हिरवट पाणी उघडे वाहत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी काठी बद्द वाजली आणि आम्हाला मागे फिरून काठावर तंबू ठोकावे लागले. रात्री आभाळ मोकळे झाले. सकाळी त्याच जागी काचेसारखा नवा थर धरलेला दिसला. वाटाड्याने त्यावर दोनदा काठी आपटली, कान देऊन ऐकले, नकारार्थी मान हलवली आणि चहाचे भांडे पुन्हा स्टोव्हवर चढवले.