लाइट गेली, लाइट आली : आमची वाटचाल

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या दुकानात पोटमाळ्यावर एक पत्र्याचा डबा आहे. त्यात अडीचशे-तीनशे मेलेले रिमोट असतील. कुणाची पाठ सेल गळून हिरवी झालेली, कुणाचं व्हॉल्यूमचं बटन दाबून दाबून आत गेलेलं, कुणाच्या अंगावर अजून प्लास्टिकची पिशवी आणि रबरबँड. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यातला एकही टाकू दिला नाही.

आण्णा टीव्ही दुरुस्त करायचे. रिमोट हे त्यातलं चिल्लर काम. रबराच्या बटनांखालचा काळा थर झिजला की सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीचा बारीक तुकडा कापून तिथं चिकटवायचा, की महिना-दोन महिने बघायला नको. रिमोट चालतोय का हे तपासायला त्यांच्याकडे कुठलं यंत्र नव्हतं. टेबलावरचा रेडिओ मीडियम वेव्हवर, स्टेशन नसलेल्या जागी लावायचे आणि रिमोट त्याला खेटवून बटन दाबायचे. रेडिओ टर्रर्र करायचा. टर्रर्र आलं की आण्णा गिऱ्हाइकाला सांगायचे, "रिमोट बोलतोय. टीव्ही ऐकतोय का ते घरी जाऊन बघा."

त्या वाक्याचा अर्थ मला कळायला बरीच वर्षं गेली. तोवर मी डिप्लोमा करून दुकानात बसलो होतो आणि दुरुस्तीपेक्षा घरोघरी यंत्रं बसवण्याच्या कामात पैसा आहे हे माझ्या ध्यानात आलं होतं.

पहिलं मोठं काम नागाळा पार्कातलं. फौंड्रीवाले साहेब, तळमजल्यावर सिनेमाची खोली. प्रोजेक्टर, ॲम्प म्हणजे आवाजाचा ॲम्प्लिफायर, डीव्हीडी, डिश आणि एसी, असे पाच रिमोट. वहिनींनी ते वेताच्या टोपलीत ठेवले होते आणि प्रत्येकाच्या पाठीवर चिकटपट्टी लावून पेनने नंबर घातले होते. एक आधी, मग तीन, मग दोन. त्या म्हणाल्या, "हे गावाला गेले की आम्ही सिनेमा बघतच नाही. चुकलं तर आवाज येतो, चित्र येत नाही." साहेबांना एकच रिमोट हवा होता.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून शिकाऊ रिमोट आणला. शिकाऊ म्हणजे मूळ रिमोट त्याच्या तोंडाशी धरायचा, बटन दाबायचं आणि याने ते पाठ करायचं. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या दिवशी निम्मी बटनं पाठच होईनात. दोन तास डोकं खाजवल्यावर कळलं, दोष वरच्या सीएफएलचा होता. रिमोटचा उजेड आपल्याला दिसत नाही, पण तो उजेडच असतो, सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा लुकलुकणारा. सीएफएलचा चोकही तसल्याच गतीने दिवा हलवत असतो, आणि शिकणाऱ्या रिमोटला दोघांचं बोलणं एकदम ऐकू येतं. दिवा बंद केला, दोन्ही रिमोटांवर टॉवेल टाकला आणि आत हात घालून एकेक बटन शिकवलं. साहेबांचा नातू बाहेरून विचारत होता, "काका वाफ घेतायत का?"

संध्याकाळी एक बटन दाबलं. प्रोजेक्टर लागला, ॲम्प लागला, डिश जागी झाली. वहिनींनी टोपली उचलून आत नेली. तिसऱ्या दिवशी फोन. बटन दाबलं की प्रोजेक्टर लागतोय आणि ॲम्प बंद होतोय, परत दाबलं की उलट!

झालं होतं असं की दुपारी लाइट गेली होती. लाइट आल्यावर ॲम्प आपला आपण सुरू झाला, प्रोजेक्टर झोपलेलाच राहिला. बहुतेक रिमोटांवर पॉवरचं बटन एकच असतं आणि त्याचा अर्थ "चालू कर" नसतो, "आहेस त्याच्या उलट हो" असा असतो. चालू ॲम्पला उलट सांगितलं, तो बंद झाला. आमचा रिमोट बिचारा एका बाजूने ओरडत होता. समोरच्याची अवस्था काय, हे त्याला कळायची सोयच नव्हती. रिमोट बोलतोय, टीव्ही ऐकतोय का ते घरी जाऊन बघा.

ते भारनियमनाचे दिवस होते. रोजच लाइट जायची आणि प्रत्येक यंत्राची परत येण्याची तऱ्हा निराळी. काही यंत्रं होती त्या स्थितीत येत, काही कायम झोपलेली, काही कायम जागी. हे युनिव्हर्सल, म्हणजे सगळ्या यंत्रांना मिळून एकच, रिमोट बनवणाऱ्यांच्या डोक्यात रोज लाइट जाणं हा प्रकारच नव्हता, असं माझं स्पष्ट मत आहे. तिकडे एकदा मांडलेला हिशेब महिनोन् महिने जुळून राहत असेल. आमच्याकडे तो दुपारी बारापर्यंतही टिकायचा नाही. पुढची दहा वर्षं आम्ही खऱ्या अर्थाने एकाच प्रश्नाच्या मागे होतो : समोरचं यंत्र चालू आहे की बंद, हे कळणार कसं?

पहिला उपाय इंटरनेटवर सापडला. पुष्कळशा यंत्रांना "फक्त चालू" आणि "फक्त बंद" असे वेगवेगळे संकेत कळतात. कंपनी त्यांची बटनं रिमोटवर देत नाही, एवढंच. फिलिप्सचा प्रोन्टो नावाचा रिमोट १९९८ साली आला होता. त्याची संकेत लिहायची पद्धत पुढे जगभरच्या हौशी लोकांनी उचलली. चार-चार अक्षरांचे गट, सुरुवातीला ०००० आणि मग बहुतेक वेळा ००६डी. हे ००६डी म्हणजे ३८ किलोहर्ट्झ, तेच सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकणं. असल्या ओळी मी वहीत उतरवून ठेवायचो. बायको म्हणायची, ज्योतिषाची वही बरी, निदान वाचता तरी येते.

ज्या यंत्रांना असे संकेत नव्हते, तिथं जुगाड. पुष्कळ टीव्हींच्या यूएसबी खाचेत टीव्ही चालू असेल तेव्हाच पाच व्होल्ट येतात. त्या पाच व्होल्टवर छोटा रिले, म्हणजे विजेने ओढला जाणारा स्विच, बसवला, की टीव्ही चालू असताना रिले ओढलेला, बंद असताना सुटलेला. रिलेच्या त्या 'टक्' आवाजाने आम्हाला पहिल्यांदा समोरच्याचं उत्तर ऐकू आलं. प्रोजेक्टरचं तंत्र वेगळं. त्याला बंद करायला बटन बहुतेक वेळा दोनदा दाबावं लागतं, मधे सेकंदभर थांबून. सुरू होताना दिवा तापेपर्यंत तो कुणाचं ऐकत नाही. आणि गरम असताना थेट बोर्डावरून लाइट तोडली तर आतला पंखा थांबतो आणि दिव्याचं आयुष्य घटतं. हे साहेब लोकांना समजावण्यात माझी निम्मी उमर गेली.

मग लॉजिटेकचे हार्मनी रिमोट हाताशी आले. यात 'टीव्ही चालू', 'ॲम्प चालू' असं नसून 'सिनेमा बघा' असं बटन, म्हणजे माणूस विचार करतो तसं. काय चालू, काय बंद याचा हिशेब तो स्वतः ठेवायचा. हिशेब चुकला तर मदतीचं बटन दाबायचं, मग तो एकेक प्रश्न विचारायचा, टीव्ही चालू आहे का, वगैरे. चांगली वस्तू. पण प्रश्न इंग्रजीत. रुईकर कॉलनीतल्या एका आजींना नातवाने सांगून ठेवलं होतं की तो विचारेल त्याचं उत्तर द्या. आजी रिमोट तोंडाजवळ धरून म्हणायच्या, "हाय की, चालू हाय."

एसीचं वेगळंच दुखणं. टीव्हीच्या रिमोटवर आवाज वाढवायचं बटन फक्त "एक पायरी वर" एवढंच सांगतं. एसीचा रिमोट प्रत्येक वेळी अख्खी कहाणी सांगतो : थंड करायचं, २४ अंश, पंखा मध्यम, पाती हलती. म्हणून एसीचं "वाढव" बटन शिकवलं की ते कितीही दाबा, शिकवताना पडद्यावर जो आकडा होता तोच परत परत जातो. हे कळण्याआधी आम्ही एका डॉक्टरांकडे तसंच बसवून आलो होतो. डॉक्टर दोन रात्री २५ अंशांत अडकून पडले. तेव्हापासून आम्ही तीनच प्रसंग शिकवतो : झोपताना, पाहुणे असताना, आणि बंद.

२०१७ मध्ये ॲमेझॉनचा इको, म्हणजे बोललेलं ऐकणारा स्पीकर, भारतात आला, पुढच्या वर्षी गूगल होम, आणि फोन वाजायला लागले, "बोलून लाइट लागते ते बसवा." इथं अडचण निघाली ती भिंतीत. जुन्या घरांच्या स्विचबोर्डात फेज असते आणि दिव्याकडे जाणारी वायर असते, न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर, बहुधा नसतेच. ती वर परस्पर दिव्याला गेलेली. स्विचमागे बसून हुकमाने दिवा लावणाऱ्या बहुतेक मॉड्यूलना स्वतः जिवंत राहायला न्यूट्रल लागते. त्यामुळे आता नवं बांधकाम कळलं की मी सुताराच्या आधी वायरमनला गाठतो : प्रत्येक बोर्डात न्यूट्रल ओढ, बॉक्स खोल घे. वायरमन कुरकुरतो. चहा पाजला की ओढतो.

याच काळातलं भुताचं प्रकरण. ताराबाई पार्कात एका घरी रात्री दोन वाजता टीव्ही आपोआप लागायचा, मोठ्या आवाजात. घरच्यांनी आधी नारळ फोडला, मग मला बोलावलं. मी हॉलमध्ये सतरंजी टाकून झोपलो. दोन वाजून काही मिनिटांनी टीव्हीमागच्या स्ट्रीमिंगच्या डबीचा दिवा हलला, डबी अपडेट होऊन परत सुरू झाली, आणि तिने टीव्हीला उठवलं. चित्र-आवाज नेणाऱ्या एचडीएमआयच्या केबलमध्ये १३ नंबरच्या पिनेवर यंत्रं एकमेकांशी बोलतात, त्याला सीईसी म्हणतात. सोय चांगली आहे, पण कोण कोणाला कधी उठवेल याचा भरवसा नाही. सेटिंगमध्ये एक खूण काढली आणि भूत गेलं. नारळाचा प्रसाद मात्र मिळाला.

ऑगस्ट २०१९ चा महापूर आमच्या धंद्यातली रेघ आहे. नागाळा पार्क, शाहूपुरी, पंचगंगेचं पाणी कुठवर आलं ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. फौंड्रीवाल्या साहेबांची ती पहिली खोली छातीभर पाण्यात. पाणी उतरल्यावर गेलो तर ॲम्पमधून चिखल निघाला. साहेब जिन्यात बसले होते, म्हणाले, "परत कर. पण वर."

तेव्हापासून नदीच्या बाजूच्या घरांत आम्ही यंत्रांचा रॅक पहिल्या मजल्यावर ठेवतो, खोली खाली असली तरी. मग रिमोटचा उजेड वरच्या मजल्यावर जाणार कसा? खाली पडद्याजवळ वाटाण्याएवढा डोळा, तिथून कॅट-६ म्हणजे नेटवर्कची केबल वर, आणि रॅकमध्ये प्रत्येक यंत्राच्या सेन्सरवर चिकटवलेलं, तोच उजेड परत सोडणारं एकेक छोटं बोंडूक. चित्रासाठी लांब अंतराची फायबरवाली एचडीएमआय. ही केबल एकाच दिशेने चालते, एक टोक यंत्राकडचं, दुसरं पडद्याकडचं. साहेबांच्याच घरी आमच्या पोराने ती उलटी ओढली आणि वरून पीओपी झालं. पीओपीचा खर्च मी दिला. आता दोन्ही टोकांना रंगीत नेलपॉलिश लावूनच केबल दुकानातून बाहेर पडते, पडद्याकडे लाल.

एप्रिल २०२१ मध्ये लॉजिटेकने हार्मनी बनवणं थांबवल्याचं जाहीर केलं. बसवलेले चालू राहतील असंही सांगितलं, आणि आमचे काही आजही चालतात. खरा दणका दुसरीकडून बसला. परदेशातल्या एका छोट्या कंपनीचे स्मार्ट प्लग, म्हणजे इंटरनेटवरून चालू-बंद होणारे, आम्ही बऱ्याच घरी लावले होते, तिचं सर्व्हर एक दिवस बंद पडलं ते पडलंच. प्लग धडधाकट, भिंतीत वीज आहे, पण हुकूम परदेशातून फिरून येणार होता तो येईना. आठवडाभर मी फक्त शिव्या खाल्ल्या आणि प्लग बदलले, पदरचे.

त्यानंतर हुकूम घरातल्या घरात फिरला पाहिजे असं आम्ही ठरवलं. आता रॅकमध्ये एक छोटा संगणक असतो, त्यावर घरातली यंत्रं चालवणारी होम असिस्टंट नावाची मोफत प्रणाली. इंटरनेट गेलं तरी सिनेमा लागतो. वीज मोजणारे प्लग त्याला सांगतात की ॲम्प ६० वॅट खातोय, म्हणजे जागा आहे. अर्धा वॅट, म्हणजे झोपलाय. लाइट गेली आणि आली की तो आधी सगळ्यांची नाडी बघतो, मगच बोलतो. प्रोजेक्टरचा प्लग फक्त मोजायला, तोडायची परवानगी त्याला नाही. राउटर आणि हा संगणक इन्व्हर्टरवर. आणि भिंतीवरचं साधं बटन कधीही काढायचं नाही, हे आम्ही कोटेशनच्या पहिल्या ओळीत लिहितो. ते मान्य नसेल तर काम घेत नाही. दोन कामं अशी सोडलीत.

आज आम्ही चौघं आहोत. संकेतांची ती वही अजून काउंटरवर असते, आणि पोरं हसतात तरी अडलं की तीच उघडतात.

आण्णा ऐंशीच्या पुढे गेलेत. सकाळी तासभर दुकानात येतात. मागच्या महिन्यात एका गिऱ्हाइकाचा नवा रिमोट काउंटरवर ठेवला होता, पूर्ण ब्लूटूथवर चालणारा, फक्त सेल बदलायला आलेला. मी बँकेत गेलो होतो. आण्णांनी रेडिओ लावला, रिमोट खेटवला, सगळी बटनं दाबली. रेडिओ गप्प. परत आलो तर रिमोट जागेवर नाही. शिडी लावून पोटमाळ्यावर चढलो. पत्र्याच्या डब्यात सगळ्यात वर पडला होता. खालून आण्णा म्हणाले, "गेलाय तो. बोलतच नाही."